दोन निळे माशीमार

निपाणीच्या बाजूची काळी जमीन, तंबाखूचे आणि उसाचे मळे मागे टाकून तवंदीचा घाट चढावा, बेळगाव गाठावे, आणि तेथून चोर्ल्याच्या रस्त्याने जांबोटी, कणकुंबीकडे वळावे. शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या या प्रवासात पाऊस बदलतो, माती काळीची तांबडी होते, आणि बाभूळ-निंबाच्या जागी ऐन, किंजळ, जांभूळ आणि कारवी दिसू लागते. कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते. तेथून पुढे सह्याद्री एकाएकी गोव्याकडे उतरू लागतो. या वाटेवर जो प्रवासी क्षणभर थांबेल आणि एखाद्या ओढ्याच्या काठी स्वस्थ उभा राहील, त्याला चिमणीहून किंचित लहान असा एक निळा पक्षी दिसण्याचा संभव फार मोठा आहे. हा पक्षी म्हणजे माशीमार. मात्र तो कोणता माशीमार, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याच्या उत्तरावर पक्ष्याच्या नावापेक्षा अधिक काही अवलंबून आहे.

माशीमार हे नाव या पक्ष्याच्या उद्योगावरून पडले आहे. झुडपातल्या एखाद्या उघड्या काटकीवर तो ताठ बसतो, उडता कीटक नजरेस पडला की झेप घेतो, हवेतल्या हवेत त्याला चोचीत धरतो आणि पुष्कळदा परत त्याच काटकीवर येऊन बसतो. कन्नडमध्ये त्याला ‘नोणहिडुक’ म्हणतात. नोण म्हणजे माशी, हिडुक म्हणजे धरणारा. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट पाहिली आणि तेच नाव ठेवले. अलीकडच्या मराठी पक्षिग्रंथांतून ‘लिटकुरी’ असेही नाव येते. ते कानाला गोड लागते, पण खेड्यापाड्यांत ते सर्वांच्या तोंडी आहे असे म्हणता येणार नाही. खरे सांगावयाचे तर बहुतेक गावांत या पक्ष्याला वेगळे नावच नाही. तो ‘एक निळे पाखरू’ असतो, आणि येथूनच घोटाळ्याला सुरुवात होते.

प्रथम ज्याची ओळख करून घ्यावयाची तो टिकेलचा निळा माशीमार. लांबी चौदा-पंधरा सेंटिमीटर. नराची पाठ, पंख आणि शेपटी गर्द निळी. कपाळावर आणि डोळ्यावरून गेलेल्या भिवईवर निळा रंग उजळ होतो, तर चोच आणि डोळा यांमधला भाग काळसर असतो. त्यामुळे चेहऱ्याला एक निश्चयी भाव येतो. गळा आणि छाती नारिंगी-तांबूस, आणि त्याखाली पोट पांढरे. छातीचा तांबूस रंग आणि पोटाचा पांढरा रंग यांची सीमा बरीच स्पष्ट असते. एखाद्याने रंगाचे काम करताना मध्येच हात आवरावा, तसे ते दिसते. मादीचा रंगविन्यास हाच, पण सगळे फिके. निळ्याच्या जागी राखट निळा आणि तांबूसाच्या जागी फिकट पिवळसर-तांबूस. पिलू मात्र आई-बापांसारखे अजिबात दिसत नाही. त्याचे डोके आणि पाठ ठिपक्याठिपक्यांची, तपकिरी. पंखांत आणि शेपटीत तेवढा निळेपणा उमटलेला असतो, आणि त्यावरूनच त्याचे घराणे कळते.

या पक्ष्याला गर्द रानच हवे असते असे नाही. सावली हवी, झुडूप हवे आणि जवळपास पाणी असले तर उत्तम. बांबूची बेटे, ओढ्याकाठची झाडी, जुन्या आमराया, मोठ्या बागांचे दुर्लक्षित कोपरे अशा ठिकाणी तो बारा महिने राहतो. बेळगावच्या छावणीतले जुने वृक्ष, टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोची झाडी, किंवा शहराबाहेरच्या ओघळींतली करवंदीची जाळी, अशा जागा त्याच्यासाठी तपासून पाहण्याजोग्या आहेत. तो जमिनीपासून फार उंच बसत नाही. माणसाच्या गुडघ्यापासून डोक्यापर्यंतची जी उंची, तीच त्याच्या आवडीची. म्हणूनच झाडांच्या शेंड्यांकडे मान वर करून पाहणाऱ्या हौशी निरीक्षकाच्या अगदी पायाशी तो बसलेला असतो आणि दिसत नाही. त्याची आणखी एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. संध्याकाळी इतर पाखरे थाऱ्याला गेली, अंधार पडू लागला, तरी याची शिकार चालूच असते. दिवेलागणीच्या वेळी झुडपातून ‘टिक् टिक्’ असा कोरडा आवाज येत राहिला तर तो बहुधा याचाच.

घरटे तो झाडाच्या ढोलीत, खडकाच्या फटीत किंवा ओढ्याच्या दरडीतल्या कोनाड्यात करतो. बारीक गवत, मुळ्या आणि तंतू यांचे साधे अस्तर, त्यात तीन ते पाच अंडी. हंगाम साधारणतः उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळ्यापर्यंतचा. आषाढाच्या धो-धो पावसात, ओढा दुथडी भरून वाहत असताना, त्याच ओढ्याच्या दरडीत एवढासा जीव आपले कुटुंब सांभाळीत असतो. उडणाऱ्या कीटकांखेरीज जमिनीवरून सरपटणारे कीटकही तो टिपतो. पिलांना भरविण्याच्या दिवसांत क्वचित त्याहून मोठे भक्ष्यही त्याच्या चोचीत आढळते.

टिकेल हे नाव कोणाचे? सॅम्युअल टिकेल हा १८११ साली कटक येथे जन्मलेला इंग्रज लष्करी अधिकारी. बंगालच्या फौजेत नोकरी करता करता त्याने पक्षी जमविले, त्यांची चित्रे काढली, टिपणे केली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ याने १८४३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला टिकेलचे नाव दिले. त्या काळी रानात हिंडणारा एक असे आणि संग्रहालयात बसून नाव ठेवणारा दुसरा असे. ब्लाइथने निदान रानात हिंडणाऱ्याची आठवण ठेवली, ही त्याची मोठी गोष्ट. याच घराण्यातल्या एका साध्या तपकिरी माशीमाराच्या नावाची हकिगत तर याहूनही हृद्य आहे. श्रीलंकेत नोकरीस असलेल्या एडगर लेयार्ड याने १८५४ साली त्याचे वर्णन केले आणि आपला तमिळ नोकर मुत्तू याचे नाव त्याला दिले. मोठमोठ्या साहेबांची नावे पक्ष्यांना चिकटविण्याच्या त्या काळात एका स्वयंपाक्याचे नाव असे कायमचे शास्त्रात गेले. हा मुत्तूचा माशीमार ईशान्येकडून येऊन हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीतही उतरतो. फिकट पाय, चोचीचा फिकट खालचा भाग आणि छातीवरची तपकिरी झाक यांवरून तो ओळखावा. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा तपकिरी माशीमार काळसर पायांचा असतो.

आता दुसऱ्या निळ्या माशीमाराकडे वळू. याला पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार म्हणावे. मद्रासच्या फौजेतला शल्यवैद्य टॉमस जर्डन याने १८४० साली त्याचे वर्णन केले. योगायोग असा की जर्डनचाही जन्म १८११ चाच. शास्त्रीय नावातल्या ‘पॅलिडिपेस’ या शब्दाचा अर्थ ‘फिकट पायांचा’ असा आहे. हा पक्षी जगात फक्त पश्चिम घाटात आढळतो. हिमालयात नाही, श्रीलंकेत नाही, पूर्व घाटात नाही. म्हणजे खानापूर तालुक्यातल्या एखाद्या ओढ्याकाठी जो तो पाहील, त्याने ज्याला दुसरे घर नाही असा पक्षी पाहिला.

याचा नर पाठीवरून गर्द निळा तर आहेच, पण गळा आणि छातीही निळीच. तांबूस रंगाचा लवलेश नाही. निळी छाती संपली की पांढरे पोट सुरू होते. म्हणून नरांच्या बाबतीत परीक्षा सोपी आहे. छाती नारिंगी असेल तर टिकेलचा, निळी असेल तर पांढऱ्या पोटाचा. एवढ्यावर थांबता आले असते तर हे भाषण पाच मिनिटांत संपले असते. अडचण आहे ती माद्यांची.

पांढऱ्या पोटाच्या माशीमाराची मादी निळी नसतेच. तिची पाठ ऑलिव्ह छटेची तपकिरी, चेहरा करडा, शेपटी तांबूस-विटकरी, आणि गळा व छाती नारिंगी-तांबूस. समोरून पाहणाऱ्याला दिसते ती फक्त नारिंगी छाती आणि पांढरे पोट. त्याने पुस्तकात नारिंगी छातीचा निळा माशीमार वाचलेला असतो. तो मनातल्या मनात पाठीवर निळा रंग चढवितो आणि वहीत ‘टिकेलचा’ असे लिहून मोकळा होतो. उलटही घडते. टिकेलची फिकी मादी दाट सावलीत तपकिरी भासते, आणि दुर्मिळ पक्षी दिसल्याच्या आनंदात तिला पांढऱ्या पोटाची मादी ठरविले जाते. या दोन्ही चुका टाळण्याचा मार्ग एकच. छातीवर समाधान मानू नये, पक्षी वळेपर्यंत थांबावे आणि शेपटी पाहावी. शेपटीत निळेपणाची झाक असेल तर टिकेलची मादी, विटकरी रंग असेल तर पांढऱ्या पोटाची. पक्षी वळलाच नाही तर वहीत ‘निळ्या माशीमाराच्या कुळातील मादी, जात अनिश्चित’ असे लिहावे. असे लिहिण्यात कमीपणा नाही. मात्र फार थोड्या वह्यांत असे वाक्य सापडते, हे येथे नमूद करणे भाग आहे.

हिवाळ्यात या दोघांत तिसरा येऊन मिसळतो. तो निळ्या गळ्याचा माशीमार. हिमालयाच्या बाजूला वीण करून तो थंडीत दक्षिणेकडे येतो. याच्या नराची छाती टिकेलसारखी नारिंगी, पण गळा निळा. नारिंगी रंगाची एक टोकदार पाचर छातीवरून गळ्यात वर शिरलेली असते. म्हणजे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत नारिंगी छाती दिसली तरी लगेच टिकेलचे नाव घेऊ नये. हनुवटीखाली पाहावे. हनुवटी नारिंगी की निळी, या एका प्रश्नाने निकाल लागतो. याची मादीही तपकिरी पाठीची आणि तांबूस गळ्याची. थंडीच्या दिवसांत तपकिरी मादी ओळखणे त्यामुळे आणखी अवघड होते. अशा वेळी शेपटीच्या गडद विटकरी रंगावर आणि करड्या चेहऱ्यावर भर द्यावा. तरीही शंका राहिली तर ती शंकाच नोंदवावी.

निळे दिसणारे आणखी दोघे वाटेत भेटतात. त्यांच्यापैकी एक काळ्या मानेचा नीलपक्षी. त्याला माशीमार म्हणण्याची रूढी असली तरी शास्त्राप्रमाणे तो निराळ्या कुळातला, लांब शेपटीच्या स्वर्गीय नर्तकाचा भाऊबंद. नराच्या मानेवर काळा ठिपका आणि गळ्याखाली दोऱ्यासारखी काळी रेघ असते. तो एका जागी ताठ बसत नाही. झाडाच्या मधल्या फांद्यांतून सारखा नाचत, शेपटी पसरत फिरतो. दुसरा हिवाळी पाहुणा अंगभर हिरवट-निळा, मोरचुदाच्या रंगाचा. तो उंच, उघड्या शेंड्यावर बसतो आणि झुडपात सहसा शिरत नाही. बसण्याची उंची आणि वागण्याची ढब या दोन गोष्टींवरूनच हे दोघे पहिल्या खेपेला वेगळे काढता येतात. रंगाच्या आधी रीत पाहावी, हा नियम या पक्ष्यांच्या बाबतीत फार उपयोगी पडतो.

ज्याला हे कुळ परके वाटत असेल त्याने एवढे ध्यानात घ्यावे की अंगणात येणारा दयाळ आणि कुंपणावर शेपटी उडविणारा चीरक हेही आज शास्त्रज्ञांच्या मते याच कुळातले आहेत. पहाटे घाटातल्या धबधब्याजवळ माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तूरसुद्धा रक्ताच्या तपासणीनंतर याच घराण्यात बसला. उलट ज्याला पिढ्यान्‌पिढ्या माशीमार म्हटले, तो स्वर्गीय नर्तक या घराण्याबाहेर गेला. पंखा पसरणारा नाचणही गेला. माणसांच्या घराण्यांतही अशा गोष्टी घडतात, पण तेथे त्या इतक्या शांतपणे स्वीकारल्या जात नाहीत.

या पक्ष्यांच्या निळ्या रंगाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती ओळखण्याच्या कामी येते. हा रंग पिसांत कोठे साठविलेला नसतो. तांबूस आणि तपकिरी रंग हे खऱ्या रंगद्रव्याचे. निळा मात्र पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून, विखुरून दिसणारा. निळे पीस कुटून त्याची पूड केली तर निळी पूड मिळत नाही. याचा व्यवहारातला परिणाम असा की प्रकाश नाही तेथे निळाही नाही. कणकुंबीच्या दाट रानात, ढगाळ दिवशी, कारवीखाली बसलेला गर्द निळा नर हा काळा पक्षी दिसतो. एक तिरीप अंगावर पडली की तोच पक्षी पेटल्यासारखा निळा होतो. म्हणून सावलीतल्या ‘काळ्या’ पक्ष्याची घाई करू नये. उन्हाचा कवडसा जेथे पडतो तेथे नजर ठेवून बसावे. पक्षी आपल्या ठरलेल्या काटक्यांवर फिरत असतो. केव्हातरी तो त्या कवडशात येतो.

कानही डोळ्यांइतकेच उपयोगी. टिकेलच्या नराचे गाणे लहान, सहा ते दहा स्वरांचे, धातूच्या बारीक तारेवर बोटे फिरवावीत तसे किणकिणत उतरणारे आणि शेवटी किंचित चढणारे. ते वारंवार आणि जवळजवळ तसेच ऐकू येते. पांढऱ्या पोटाचा माशीमार गातो तेव्हा गाणे लांबते, रेंगाळते, मध्ये किरकिरे स्वर येतात. आवाज इतका मंद की वाहत्या ओढ्याजवळ तो बुडून जातो. ज्या निरीक्षकाला तो ऐकावयाचा असेल त्याने पाण्यापासून वीस-पंचवीस पावले दूर सरकून बसावे.

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. या दोन पक्ष्यांतला फरक कोणाला कळला नाही तर बिघडले कोठे?

बिघडते ते असे. टिकेलचा माशीमार पुष्कळ सोसतो. कोरडे रान, विरळ बांबू, बाग, आमराई, काहीही त्याला चालते. पांढऱ्या पोटाच्या माशीमाराला मात्र दाट सावली, ओलसर जमीन आणि तिच्यावरची झुडपांची गच्च वाढ लागते. मोठी झाडे उभी आहेत एवढे त्याला पुरत नाही. त्याचा संसार झाडांखालच्या रानात चालतो. आणि माणसाचा हात सर्वांत आधी पोचतो तो तेथेच. सरपण नेले जाते, वणवा झुडपे खाऊन जातो, रस्ता रुंद करताना कडेची झाडोरा साफ होते, काजूच्या लागवडीसाठी खालचे रान मोकळे केले जाते. वरची झाडे तशीच असल्यामुळे दुरून पाहणाऱ्याला रान जसेच्या तसे वाटते. तेथून पांढऱ्या पोटाचा माशीमार निघून गेला आणि उजाडलेल्या जागेत टिकेलचा आला, आणि निरीक्षकाच्या वहीत पूर्वीही ‘निळा माशीमार’ व आजही ‘निळा माशीमार’ असेच लिहिलेले असले, तर त्या रानाचे काय झाले हे वहीला कधीच सांगता येणार नाही. पांढऱ्या पोटाचा माशीमार आज धोक्यातल्या जातींत गणला जात नाही, ही समाधानाची बाब आहे. पण समाधान खरे की खोटे हे शेवटी नोंदी खऱ्या की खोट्या यावर ठरते.

नोंदींचे महत्त्व या मुलखाला नवे नाही. कॅप्टन ई. ए. बटलर या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन आणि दक्षिण मराठा मुलूख येथील पक्ष्यांची मोठी यादी तयार केली, आणि ती ए. ओ. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८८१ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. बेळगावचा प्रदेश त्या मुलखात येतो. त्या काळी पक्षी मारून, कातडे काढून, हातात धरून ओळखला जाई. शेपटीच्या रंगाबद्दल वादाला जागाच नसे. आज पक्षी मारावा लागत नाही. ही आनंदाची गोष्ट आहे, पण तिच्याबरोबर जबाबदारीही आली. हातातल्या पक्ष्याची जागा निरीक्षकाच्या प्रामाणिकपणाने घेतली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेला देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच सामान्य माणसांच्या नोंदींवर उभा आहे. तीस हजारांहून अधिक निरीक्षक, तीन कोटींच्या वर नोंदी आणि ९४२ जातींचा विचार. त्या तीन कोटींत निपाणीच्या एखाद्या विद्यार्थ्याने नाताळच्या सुट्टीत जांबोटीला केलेली नोंदही असू शकते. ती चुकीची असेल तर चूकही तितक्याच आदराने मोजली जाते.

सीमाभागाची येथे आणखी एक अडचण आहे. १९५६ पूर्वी हा सारा प्रदेश मुंबई राज्यात होता. पुढे रेषा आखली गेली. तिचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे आणि तो येथे उगाळण्याचे कारण नाही. पण पक्ष्यांच्या याद्याही राज्यवार होऊ लागल्या. आंबोलीचा माशीमार महाराष्ट्राच्या यादीत, कणकुंबीचा कर्नाटकाच्या, आणि चोर्ला घाट उतरून खाली गेलेला गोव्याच्या. रान मात्र एकच. म्हादईचे उगमाकडचे ओहोळ खानापूर तालुक्यातून निघतात आणि गोव्यात समुद्राला मिळतात. भीमगड अभयारण्य, सुमारे १९० चौरस किलोमीटरांचे, २०११ साली याच तालुक्यात घोषित झाले. त्याच्या बारापेडी गुहांतल्या एका दुर्मिळ वटवाघळामुळे या रानाचे नाव शास्त्रज्ञांत फार पूर्वीपासून माहीत होते. जो निरीक्षक एका राज्याची यादी वाचून दुसऱ्या राज्याची वाचीत नाही, त्याच्या हाती या रानाचे अर्धेच चित्र येते.

एक तक्रारही येथे मांडली पाहिजे. अलीकडे भ्रमणध्वनीवर पक्ष्याचे ध्वनिमुद्रित गाणे वाजवून त्याला झुडपाबाहेर बोलाविण्याची रीत पडली आहे. नर चिडतो, आपल्या हद्दीत दुसरा आला असे समजून पुढे येतो, आणि छायाचित्र छान मिळते. पण त्या वेळात तो पिलांना भरवीत नाही, मादीकडे लक्ष देत नाही, आणि उघड्यावर बसल्याने शिकऱ्याच्या नजरेस पडतो. विणीच्या दिवसांत एकाच ओढ्यावर रविवारी दहा जण येऊन दहा वेळा गाणे वाजवीत असतील तर त्या पक्ष्याचा रविवार कसा जात असेल, याची कल्पना करावी. घरट्यासमोरची झुडपे बाजूला करून छायाचित्र काढणारेही आहेत. झुडूप परत जागेवर बसत नाही, आणि सापाला वाट मोकळी होते. छायाचित्र नसले तरी ओळख होऊ शकते. या भाषणात सांगितलेल्या खुणांपैकी एकीलाही छायाचित्राची गरज नाही.

ज्याला प्रत्यक्ष सुरुवात करावयाची आहे त्याने आठपट मोठे दाखविणारी साधी दुर्बीण, एक लहान वही आणि पेन्सिल घ्यावी. शाई पावसात पसरते. पहिले काही दिवस लांब जाऊच नये. बेळगावात किंवा निपाणीजवळच्या एखाद्या ओढ्याकाठी टिकेलची जोडी शोधावी आणि ती पाठ होईपर्यंत पाहावी. नर कसा बसतो, शेपटी कशी झटकतो, मादीची पाठ वेगवेगळ्या प्रकाशात कशी दिसते, हे अंगवळणी पडले की मग जांबोटीच्या पुढे जावे. नेहमीचा पक्षी ज्याला नीट ठाऊक आहे त्यालाच वेगळा पक्षी वेगळा दिसतो. पावसाळ्यात या रानात जळवा फार. मोजे घट्ट बांधावेत, आणि ओढ्याचे पाणी अचानक चढते हे विसरू नये. सर्वांत सोयीचा काळ मार्गशीर्ष ते माघ. त्या दिवसांत पानगळीची झाडे उघडी होऊ लागतात, पायवाटा कोरड्या असतात, आणि तिन्ही निळे एकाच तालुक्यात भेटू शकतात.

वहीत लिहिताना क्रम ठेवावा. आधी जागा आणि उंची, म्हणजे पक्षी जमिनीपासून किती हातांवर बसला होता. मग हनुवटी, मग छाती, मग पाठ, आणि शेवटी शेपटी. जे दिसले नाही तेथे रिकामी जागा सोडावी. घरी परतल्यावर पुस्तक पाहून ती जागा भरण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ती भरणारा हात पुस्तकाचा असतो, डोळ्यांचा नसतो.

शिमगा होऊन गेला की निळ्या गळ्याचा पाहुणा उत्तरेच्या वाटेला लागतो. मग ओढ्याकाठी उरतात ते दोघेच. उन्हे तापतात, दरडी कोरड्या पडतात, आणि चैत्रातल्या एखाद्या संध्याकाळी टिकेलची मादी चोचीत गवताची काडी घेऊन दरडीच्या फटीपाशी दोनदा येते व दोनदा परत जाते. कोणीतरी पाहत आहे हे तिला कळलेले असते. पाहणाऱ्याने पन्नास पावले मागे जावे. तिसऱ्या खेपेला ती आत शिरते.